ताटाखाली तुमचं नाव

विहीणबाई, काल आपल्या घोडियाघराची, पोरांसकट पाळण्यांसकट, तपासणी झाली. तुम्ही हजर होतात. कागदावर होतात, खुर्चीत होतात आणि ताटांखाली तर ओळीने होतात. तुम्हाला जाऊन अजून महिना व्हायचाय, आणि एवढ्यात मी तुम्हाला एकदा जिवंत करून पुन्हा मारलं. रागावू नका. आधी सगळं ऐका, मग वरून काय फेकून मारायचं ते मारा.

तपासणी या गोष्टीशी आपलं नातं जुनं. पहिली तपासणी तर मीच तुमची केली होती. सुरतेजवळच्या सचिन गावात तुमच्या दोन खोल्यांत मी माझ्या सुरेशसाठी ज्योतीला बघायला आले होते. तेव्हाची मी आठवली की त्या बाईला चिमटा काढावासा वाटतो. जांभळी रेशमी साडी, नाकात नथ, आणि चेहरा असा, की सुरतेतल्या सगळ्या उपवर मुली जणू माझ्या सहीसाठी ताटकळल्यात. तोंडाने म्हणत होते, 'आमच्या काही अपेक्षा नाहीत,' आणि डोळ्यांनी फळीवरचे डबे चाचपत होते. ज्योतीला चालायला लावलं. पेपर वाचायला लावला. पेपर गुजराती होता. मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, तरी मी मान डोलावत होते, जणू चुका काढतेय.

मला तुम्ही लाल प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं होतंत. बाकी सगळे सतरंजीवर. माझे पोहे अर्धे झाले असतील, तेवढ्यात शेजारची बाई दारात येऊन उभी. ''शेवंतामासी, अमारी खुरशी आपो ने, मेहमान आव्या छे.'' तुमचा चेहरा पांढराफटक पडला. ती बाई हलेना, मी उठेना. शेवटी मीच बशी हातात धरून सतरंजीवर उतरले आणि खुर्ची माझ्या डोक्यावरून बाहेर गेली. घरी परतताना मी यांना म्हटलं, ''खुर्ची उसनी आणतात. पोरगी तरी यांचीच आहे ना, विचारून घ्या.'' केवढी हसले होते मी!

आणि असं म्हणणाऱ्या बाईच्या अंगावरची साडी होती तिच्या जावेची. नथही जावेचीच. हे मी तुम्हाला कधी बोलले नाही. लग्नात माझी जाऊ तीच साडी नेसून मांडवभर मिरवली. तुमच्या समोरून गेली, पुन्हा आली. तुम्ही तिच्याकडे पाहिलंत, मग माझ्याकडे पाहिलंत, आणि म्हणालात, ''विहीणबाई, जेवून घ्या, मागून गर्दी होईल.'' बस्, एवढंच. ती साडी तुम्ही ओळखली होतीत का? वर्षानुवर्षं विचारायचं राहिलं. दर वेळी वाटायचं, विचारलं आणि ओळखली नसली तर मग आपणच कशाला सांगा!

पुढे मनू झाली आणि आपलं खरं युद्ध सुरू झालं. ज्योतीला शिलाईच्या कारखान्यात परत कामावर जायचं होतं. नात सांभाळायची कोणी? मी म्हणे, बापाची आई. तुम्ही म्हणे, आईची आई. तोवर तुमचे मालक गेले होते. तुम्ही सचिन सोडून कोसाडला आमच्या मागच्याच बिल्डिंगमध्ये राहायला आलात आणि सकाळी सहालाच दारात उभ्या राहू लागलात. मी मनूला तेल लावलं की तुम्ही पुसून पुन्हा लावणार. तुम्ही काजळ घातलं की मी ते बोटाने कमी करणार. पोर बिचारी दिवसभर तेलाने निथळायची. ते बघून खालच्या मजल्यावरची एक जण म्हणाली, ''दोन दोन आज्या एकीवर कशाला? माझाही ठेवा ना यांच्यात.'' ती साड्यांना खडे चिकटवायला जायची. मग लूमवर जाणारी आली, मग इच्छापोरला कंपनीत झाडलोट करणारी. सगळ्या तुमच्या-आमच्यासारख्याच. कोणी शिरपूरकडची, कोणी परभणीची. गावाकडची सासू गावाकडेच राहिलेली, आणि पोर कडेवर. बघता बघता तळमजल्याची खोली भरली. इथे पाळण्याला घोडियुं म्हणतात, म्हणून आपलं पाळणाघर झालं घोडियाघर. मान्यता मिळाली, शिधा येऊ लागला, आणि आपण दोघी कागदावर संचालिका झालो. मी तर आठवडाभर सगळ्यांना तो शब्द ऐकवत फिरले.

मग आली पहिली तपासणी. विहीणबाई, मला ती आठवली की अजून पदर तोंडात घ्यावा लागतो.

आपल्याकडे तेव्हा ताटं अशी नव्हतीच. पोरं घरून आणलेल्या वाट्या-डब्यांत खायची. मी ठरवलं, साहेबांसमोर एकसारखी पंगत बसली पाहिजे. सगळी बिल्डिंग पालथी घालून स्टीलची ताटं उसनी आणली. तुम्ही दारात पाय पसरून बसला होतात. म्हणालात, ''जे शे ते दखाडानं, विहीणबाई. नही ते कथाईन आनशात?'' मी म्हटलं, ''खुर्ची कुठून आणली होती, तिथूनच.'' तुम्ही पाय आखडून मला वाट दिलीत. माझी जीभ तेव्हा फार चुरुचुरु चालायची.

साहेब आले. म्हातारे, चष्मा नाकावर. ताटं नीट घासतात का ते बघायला त्यांनी एक उलटं केलं. खाली लिहिलेलं: 'चि. गणेशच्या जावळानिमित्त मामाकडून.' दुसरं उलटं केलं: 'संगीत खुर्ची, प्रथम क्रमांक.' तिसऱ्यावर कुणा रमीलाचं गुजराती लग्न. आपल्या लोकांच्या भांड्यांवर नावं असतात, हे मला, आयुष्यभर भांडी घासलेल्या बाईला, सुचलंच नव्हतं. साहेबांनी विचारलं, ''ही सगळी तुमचीच?'' मी छातीठोक म्हटलं, ''हो साहेब.'' ते म्हणाले, ''संगीत खुर्चीत पहिल्या आलात तुम्ही?'' माझ्या तोंडून 'हो' निघणारच होतं, तेवढ्यात तुम्ही बसल्या जागेवरून म्हणालात, ''ताटं उसनी आहेत साहेब. पोरं आमची आहेत. तुम्ही पोरं बघा.''

त्यांनी पोरं बघितली. कान बघितले, नखं बघितली, एकाला कडेवर घेतलं तर त्याने त्यांचा चष्मा ओढला. मान्यता टिकली. जाताना म्हणाले, ''बेन, स्वतःची ताटं घ्या.''

ताटं घेतली, आणि त्यांच्यावर नाव कोणाचं घालायचं यावरून आपण भांडलो, ते पार तुमच्या शेवटापर्यंत. माझं म्हणणं, संचालिकेचं नाव हवं. तुम्ही विचारायचात, ''कोणत्या?'' मी म्हणायचे, ''वरमायचा मान आधी.'' तुम्ही म्हणायचात, ''मग राहू द्या कोरीच.'' म्हणून ती कोरी राहिली आणि घरोघर पसरली. कोणाच्या घरात आपलं ताट गेलंय ते तुम्हाला बरोबर ठाऊक असायचं. संध्याकाळी जाऊन घेऊन यायचात, वर तिथे चहाही पिऊन यायचात.

दुसरं भांडण वरणाचं. जेवण झालं की तुम्ही पोरांना ताट दोन्ही हातांनी उचलून उरलेलं वरण प्यायला लावायचात. मला ते बघवायचं नाही. ''शाळेत गेल्यावर हसतील यांना,'' मी म्हणायचे. तुम्ही म्हणायचात, ''हसू द्या. पोट भरलेलं असलं म्हणजे हसलेलं लागत नाही.'' मी शिकवायचे चमच्याने टिपून घ्यायला. माझी पाठ वळली की सगळी ताटं तोंडाला. सुर्र सुर्र आवाज ऐकून मी वळायचे आणि तुम्ही छताकडे बघत बसायचात.

दवाखान्यातही आपण काय बोललो? तुमच्या नाकात नळी, माझ्या हातात नारळपाणी. तुम्ही डोळे उघडून म्हणालात, ''एक ताट कमी आहे. उसळीच्या दिवसापासून.'' मी म्हटलं, ''गप्प पडा हो, ताटाचं काय घेऊन बसलात.'' तुम्ही गप्प पडलात. दुसऱ्या दिवशी सकाळी ज्योतीचा फोन आला. इतक्या वर्षांत तुम्ही माझं एवढंच एक ऐकलंत, तेही नेमकं तेव्हा.

तेराव्याला ज्योती म्हणाली, आईच्या नावाने भांडी वाटू. मी म्हटलं, वाटायची कशाला? घोडियाघराची ताटं कोरीच आहेत, त्यांच्यावरच नाव घालू. पोरं रोज जेवतील त्यात. भांडेवाल्याने विचारलं, नाव वर घालू की खाली? मी म्हटलं, खाली घाला, वर घासून जाईल. तो मशीन लावून कोरत होता, कर्रर्र कर्रर्र, आणि मी दुकानाच्या पायरीवर बसून मनात म्हणत होते, घ्या, तुमचंच नाव लागलं शेवटी. यासाठी एवढं टोकाला जायची गरज नव्हती. मागितलं असतंत तर दिलं असतं. खोटं बोलतेय. नसतं दिलं.

आणि लगेच ऑफिसातून निरोप आला. तपासणी आहे, दोन्ही संचालिका हजर हव्यात. एकच बाई असेल तर मान्यता थांबेल. मान्यता थांबली की खोली कॉलनीच्या कमिटीकडे जाणार. तिथे सामान ठेवायचं त्यांच्या मनात कधीपासूनच आहे. मग पोरं कुठे जातील? आता खडे चिकटवायला जाणाऱ्या एकीने सरळ सांगितलं, ''आजी, बंद झालं तर मला काम सोडावं लागेल.'' तिचा छोटू अजून रांगतोय. ज्योतीने कारखाना सोडून इथे बसावं, असं मला वाटलं होतं. पण ती कामावर जावी म्हणून तर आपण हे मांडलं होतं. ते तोंडातून काढलं असतं तर तुम्ही वर्षश्राद्धाच्या पिंडाला कावळा शिवू दिला नसता.

मग माझ्या डोक्यात काय आलं असेल, तुम्ही ओळखलंच असेल. म्हातारी झाले, गुडघे गेले, पण खोड तीच. मी बाईच उसनी आणायचं ठरवलं.

समोरच्या बिल्डिंगमधल्या हंसाबेन तुम्हाला आठवत असतील. पापड लाटतात, जोरात बोलतात, एकट्याच राहतात. मी म्हटलं, ''हंसाबेन, एक दिवस शेवंताबेन व्हा.'' ती घाबरली नाही, उलट खूश झाली. आम्ही तालीम केली.

''नाव?''

''शेवंताबेन.''

''गाव?''

''पालिताणा.''

''अहो, शिरपूर! शिरपूर म्हणा.''

''पण पालिताणा सारू गाम छे, बेन.''

''असेल चांगलं. शेवंताबाई तिथल्या नव्हत्या.''

पदर तिचा उजव्या खांद्यावरून पुढे येणारा. मी तो डावीकडे फिरवून मागे टाकला, तर तिचा डावा-उजवा सगळाच घोळ झाला आणि ती दारात दोनदा अडखळली. ज्योती कामावर जाता जाता हे बघत होती. तिने मला बाजूला घेतलं. ''आई, तुम्हाला पोरांसाठी जे करायचं ते करा. पण माझ्यासमोर त्यांना त्या नावाने हाक मारू नका.'' तिचा आवाज अगदी तुमच्यासारखा होता, हळू आणि न वळणारा. ती गेली, आणि मी उगाच झाडलेली खोली पुन्हा झाडली.

बाकी तयारी तुम्ही बघायला हवी होती. भिंतीला खालून चुना, म्हणजे पोरांच्या तेलकट डोक्यांचे डाग गेले. तुमच्या जागेमागचा मोठा डाग मात्र मी राहू दिला. पाळण्यांचे दोर तपासले, फडके उकळून काढले. सगळ्यांची नखं कापली, एकाचं जरा जास्तच कापलं गेलं, त्याला गूळ दिला, तर मग सगळ्यांचीच बोटं दुखायला लागली.

मॅडम आल्या त्या नेमक्या जेवणाच्या वेळी. पोरगीच होती, आपल्या मनूपेक्षा चार बुकं जास्त शिकलेली असेल. पाठीवर पिशवी, हातात मोबाईल. पाळणे बघितले, पाण्याचं पिंप बघितलं, औषधाची पेटी उघडून तारखा वाचल्या. मग म्हणाली, ''दोन्ही बेन मुलांबरोबर बसा, फोटो काढायचा आहे.'' हंसाबेन तुमच्या खुर्चीत बसली. छोटू पेंगत होता, तो सरपटत तिच्याकडे गेला आणि तिच्या मांडीत शिरला. मी आत पाणी आणायला गेले आणि मॅडम मोबाईल डोळ्यांसमोर धरून पंगतीपुढे उभी राहिली.

विहीणबाई, तेवढ्यात पोरांची जेवणं आटोपली.

सुर्र.

एकाने ताट उचललं, मग दुसऱ्याने, मग सगळ्या ओळीने. दोन्ही हातांनी, तोंडं ताटांमागे गडप. आणि मॅडमच्या समोर ताटांची बुडं, एकाशेजारी एक, चकचकीत घासलेली. प्रत्येकावर तेच. मॅडमने मोबाईल खाली घेतला. जरा वाकली. एकेक अक्षर जुळवत तिने मोठ्याने वाचलं, ''कै. शेवंताबाई यांच्या स्मरणार्थ.'' तिने दुसरं वाचलं. तिसरं वाचलं. मग खुर्चीकडे वळून अगदी अदबीने विचारलं, ''बेन, तमारुं नाम?''

हंसाबेन बिचारी शिकवल्याला पक्की. म्हणाली, ''शेवंताबेन. गाव शिरपूर.''

माझ्या हातातला तांब्या सुटला. मला हसू फुटलं, असं फुटलं की उंबऱ्यावर बसावं लागलं. पोरं ताटांमागून बाहेर आली, त्यांना वाटलं आजी खेळतेय, तीही हसू लागली. ओठांवर वरणाच्या मिशा. मॅडम माझ्याकडे बघतेय, हंसाबेन माझ्याकडे बघतेय, आणि हसता हसता कधी माझं रडू सुरू झालं ते माझं मलाच कळलं नाही. तेराव्यापर्यंत मी रडले नव्हते हो. लोक म्हणत होते, विहीण ती विहीणच, हिला कसलं दुःख. काल रडले. पालिताण्याच्या बाईसमोर, सरकारी मॅडमसमोर, नाक पुसायला पोराचं दुपटं घेऊन.

मग सांगितलं. जे होतं ते दाखवलं, तुमच्या भाषेत. म्हटलं, ''मॅडम, शेवंताबाई गेल्या. त्या माझ्या विहीणबाई. या हंसाबेन, शेजारीण, उसनी आणलेली आहे. ताटं या खेपेला आमची आहेत. पोरंही आमचीच आहेत.'' पुढे काय बोलायचं ते सुचेना, म्हणून तुमचंच वाक्य म्हटलं, ''तुम्ही पोरं बघा.''

मॅडमने मोबाईल पिशवीत टाकला. मला वाटलं, संपलं. खोली गेली, पाळणे गेले, उद्या सकाळी त्या बायका पोर कडेवर घेऊन कुणाच्या दाराशी उभ्या राहणार? पण मॅडम माझ्याकडे बघतच नव्हती. ती बघत होती हंसाबेनकडे. एवढा गोंधळ झाला, तांब्या पडला, मी बोंबलले, पण ती बाई खुर्चीतून तसूभर हलली नव्हती. छोटू तिच्या मांडीवर झोपला होता आणि ती एका पायाने त्याला डोलवत होती. पदर कधीच परत उजवीकडून पुढे आला होता आणि छोटूवर पांघरला होता.

''काकी, उठा ना, तुमच्याशी बाहेर बोलायचंय,'' मॅडम म्हणाली.

हंसाबेन दबक्या आवाजात म्हणाली, ''अत्यारे नही. ऊंघी गयो छे.'' आता नाही, झोपलाय. मग जरा रागानेच माझ्याकडे बघून, ''अने उसनी कोण? मने पूछ्युं कोईए?'' मला विचारलं का कोणी?

विहीणबाई, खरंच विचारलं नव्हतं. मी तिला शेवंताबेन व्हायला विचारलं होतं. हंसाबेन म्हणून यायचं, हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं.

मॅडमने तिथेच उभं राहून सगळं समजावलं. तुम्ही गेल्याचं कळवायचं, नवीन नाव द्यायचं, ''आणि खरं द्या, आजी.'' ती पुन्हा येऊन बघणार आहे. तोवर घोडियाघर चालू राहील. जाताना मला म्हणाली, ''त्या असत्या तर काय म्हणाल्या असत्या?'' मी म्हटलं, ''काही नाही. छताकडे बघत बसल्या असत्या.''

संध्याकाळी ज्योती आली, तिला सगळं सांगितलं. ती आधी हसली, मग पंगतीच्या जागी बसून तिने एक ताट मांडीवर घेतलं आणि तुमच्या नावावरून बोट फिरवत राहिली. मी तिला विचारलं, ''तुझ्या आईने ती जांभळी साडी ओळखली होती का गं?'' ती म्हणाली, ''कोणती साडी?'' म्हणजे तुम्ही पोटच्या पोरीलाही काही बोलला नव्हतात. किंवा तुम्हाला कळलंच नव्हतं. जाऊ दे. आता मीच सांगितलं ना तुम्हाला, वरती.

उसळीच्या दिवसाचं ताटही सापडलं. परभणीवालीच्या घरी होतं, तिने ते पिठाच्या डब्यावर झाकलं होतं. त्याच्या बुडावर नाव नाही. घालून घेणार नाही. आज हंसाबेन त्यातच जेवली आणि शेवटी ताट उचलून वरण प्यायली. मी पाठ फिरवून उभी राहिले.

सगळी ताटं घासून मी गॅलरीत पालथी घातली आहेत. जिकडे बघावं तिकडे तुमचं नाव उन्हाला पडलंय. वरमायचं नाव एकावरही नाही, बघा, मान दिला की नाही? तपासणी झाली, विहीणबाई. या खेपेला उसनं एकच होतं, हंसाबेन. आणि तिला परत मागायला अजून तरी दारात कोणी आलेलं नाही.